मुलीकडची माणसं

जर्मन माणसाला वेळेवर उठायला लावणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली, आणि ती नेमकी माझ्या बायकोची मावशी निघावी हा माझ्या पत्रिकेतला दोष आहे. आम्ही कार्ल्सरूहेला आलो ते सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी, आणि खरं सांगायचं तर पुण्यातल्या नातेवाइकांपासून जरा लांब राहता यावं म्हणूनही. मावशी आणि काका आमच्या कितीतरी आधीपासून याच गावात ठाण मांडून बसले आहेत, ही गोष्ट बायकोने विमान उतरेपर्यंत मला सांगितली नव्हती. मावशी साठी ओलांडलेल्या, उंचीने माझ्या खांद्याला जेमतेम लागतील एवढ्या. थंडीत साडीवर काकांचा जुना ओव्हरकोट आणि पायात डोंगर चढायचे बूट, हा त्यांचा वेष. मला त्या जावईबापू म्हणतात, कधी एकेरीवर येत नाहीत, आणि त्या आदरात गुंडाळून अशी कामं सांगतात की जी पोटच्या मुलाला सांगायलाही माणूस दोनदा विचार करील. "जावईबापू, तुम्हाला त्रास नाही ना होणार?" एवढं त्यांनी म्हटलं की मी मुकाट्याने गाडीची किल्ली शोधायला लागतो.

पुण्यात असताना मावशी लग्नं जुळवायच्या. धंदा म्हणून नव्हे, हौस म्हणून. नात्यातलं, शेजारातलं, काकांच्या ऑफिसातलं एकही बिनलग्नाचं माणूस त्यांनी स्वस्थ बसू दिलं नाही. जर्मनीत आल्यावर त्यांच्या या कलेची उपासमार झाली. इथली मराठी मुलं आपापली लग्नं आपणच ठरवून मोकळी होतात आणि जर्मन मुलं ती ठरवतच नाहीत. मावशी हळूहळू सुकायला लागल्या, असं काका सांगतात. मला ते खरं वाटत नाही, पण काका सहसा बोलतच नाहीत, त्यामुळे बोलले की ऐकून घ्यावं लागतं. अशात त्यांच्या घराजवळच्या शाळेने एक टूम काढली. शेवटच्या वर्षाला अडखळणारी, शाळा बुडवून स्टेशनपाशी बसणारी, घरी कुणी विचारणारं नसलेली जी मुलं असतात, त्यांच्यातल्या प्रत्येकाला एकेक वडीलधारं माणूस जोडून द्यायचं. त्या माणसाला इथे 'पाटे' म्हणतात, म्हणजे मानलेला पालक. पोर रोज शाळेत येतंय ना, परीक्षेला बसतंय ना, हे पाटेने बघायचं आणि शाळा संपल्यावर त्याला आउसबिल्डुंग मिळवून द्यायला मदत करायची. आउसबिल्डुंग म्हणजे तीन-एक वर्षं एखाद्या मालकाकडे राबून काम शिकायचं, आठवड्यातले एक-दोन दिवस त्या धंद्याच्या शाळेत जायचं, आणि शेवटी कागद हातात पडला की पोटापाण्याची चिंता मिटली. मावशी जर्मन बोलायचा सराव व्हावा म्हणून त्या बैठकीला गेल्या होत्या. घरी आल्या त्या चपला काढता काढता काकांना म्हणाल्या, "अहो, म्हणजे स्थळंच बघायची आहेत."

तेव्हापासून मावशींच्या तोंडी दुसरा शब्द नाही. बेकरी हे स्थळ, गॅरेज हे स्थळ, दाताच्या डॉक्टरचा दवाखाना हे तर फार वरचं स्थळ. आउसबिल्डुंग म्हणजे त्यांच्या लेखी तीन वर्षं परक्या घरी नांदणं, आणि नीट चौकशी केल्याशिवाय त्या कुणालाही नांदायला पाठवायच्या नाहीत. एका मुलाला रंगाऱ्याकडे काम मिळत होतं, तर मावशी त्या रंगाऱ्याच्या शेजारच्या सलूनमध्ये जाऊन केस कापून आल्या. आयुष्यभर सांभाळलेला अंबाडा गेला, पण मालकाला राग किती लवकर येतो, आला की किती वेळ टिकतो, दुपारी बिअर घेतो का आणि बायको त्याच्याशी बोलते का, एवढी माहिती पदरात पडली. स्थळ पसंत पडलं. एका हॉटेलचं स्थळ मात्र त्यांनी जागच्या जागी मोडलं. "मागच्या दाराशी शिकाऊ मुली उभ्याने जेवत होत्या, जावईबापू. आधीच्या सुनांना बसायला पाट नाही, तिथे आपली मुलगी द्यायची?" ज्या मुलीबद्दल हे चाललं होतं तिच्या नाकात बाळी, केस निळे, आणि तिला आपण कुणाची तरी 'आपली मुलगी' आहोत याचा पत्ताही नव्हता.

दर रविवारी आमच्या घरी रंगीत तालीम. मी मालक. मला टाय लावून जेवणाच्या टेबलाशी बसावं लागे आणि मी कधी खाटीक, कधी छप्परवाला, कधी चष्म्याचा दुकानदार असे. आमचा मुलगा मराठी समजतो पण उत्तर जर्मनमध्ये देतो, म्हणून मावशींची जर्मन दुरुस्त करायला त्याची नेमणूक झालेली. मावशींची शिकवण अशी की मोठ्या माणसासमोर नजर खाली, आवाज हळू, विचारलं तेवढंच बोलायचं. आमचा मुलगा म्हणे, नाइन, म्हणजे छे, इथे डोळ्यांत बघून बोलायचं असतं, नाहीतर माणूस खोटं बोलतोय असं वाटतं. बरीच वादावादी होऊन तह झाला: आधी खाली बघायचं, मग वर बघायचं. मावशींनी तयार केलेली पोरं मुलाखतीला गेली की खेळण्यातल्या बाहुल्यांसारखी डोळे मिटत-उघडत असत, आणि मालक लोक काळजीने त्यांना पाणी आणून देत.

आणि सकाळी उठवणं. हा मावशींचा हातखंडा प्रयोग. ही पोरं शाळा बुडवतात ती काही बंडखोरी म्हणून नव्हे, त्यांना कुणी उठवतच नाही म्हणून, हे निदान त्यांनी पहिल्याच आठवड्यात केलं आणि ते पुष्कळसं बरोबर होतं. मग उजाडायच्या आधी ओव्हरकोट चढवून मावशी पोरांच्या इमारतींखाली उभ्या. दाराची बेल त्या आरतीच्या टाळ्यांच्या ठेक्यात वाजवतात. जर्मनीत शांततेला देवाच्या खालोखाल मान आहे. एका इमारतीतले आजोबा खिडकी उघडून तावातावाने ओरडले, तर मावशी खालून म्हणाल्या, "हे बघा, तुम्ही जागेच आहात तर वरच्या मजल्यावर तुम्हीच दार वाजवा ना, मला थंडी वाजतेय." पुढे आजोबाच रोज झाडूच्या दांड्याने छत ठोकून वरच्या पोराला उठवू लागले, आणि मावशींचा एक हेलपाटा वाचला.

हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं ते जाना येईपर्यंत. जाना सोळा वर्षांची, आडमाप उंच, डोक्यावर जॅकेटची टोपी ओढलेली, एका वाक्यात दोनच्या वर शब्द नाहीत. वडील लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचे, शनिवार-रविवारी घरी. आई नव्हती. बाकीचे दिवस जाना आणि रिकामा फ्लॅट. शाळा बुडवण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, फक्त सुतारकामाच्या तासाला ती न चुकता हजर असे. या वर्षी परीक्षा दिली नाही तर शाळेचा दाखला नाही, दाखला नाही तर काम नाही, हे वर्गशिक्षिकेने मावशींना स्वच्छ सांगितलं होतं. मावशींनी रोज बेल वाजवली, जाना रोज शिव्या देत खाली आली, आणि दोघी शाळेपर्यंत चालत गेल्या, एक ताडासारखी आणि एक तिच्या कोपराएवढी. 'मावशी' हे त्यांचं आडनाव आहे अशी जानाची समजूत होती. ती त्यांना फ्राउ मावशी, म्हणजे श्रीमती मावशी, म्हणायची. हिवाळा संपेपर्यंत तिची एकही दांडी नाही. मावशींनी हे मला इतक्या वेळा सांगितलं की त्या समोरून दिसल्या की मी रस्ता ओलांडायला लागलो.

मग एक स्थळ आलं. गावाबाहेर एका सुताराचा कारखाना, खिडक्या-दारं आणि जिने करणारा. त्या मायस्टरकडे, म्हणजे कारखान्याच्या उस्तादाकडे, जानाने आठवडाभर उमेदवारी केली होती आणि मायस्टरने तिला आपणहून भेटायला बोलावलं. चौकशी उत्तम निघाली होती. आता बघण्याचा कार्यक्रम. इथे मुलाखतीला मुलगी एकटी जाते, हे मी सांगून पाहिलं. मावशी म्हणाल्या, "एकटी? मुलीकडचं कुणी नाही असं वाटेल की." वडील तेव्हा ट्रक घेऊन पोलंडात. म्हणून मावशी जाणार. गाडीसाठी मी. मी, मावशी आणि जाना मिळून तिघं झालो, आणि शुभ कामाला तिघांनी जायचं नसतं, म्हणून काका. अशी आम्ही चार माणसं, बेसनाच्या लाडवांचा डबा घेऊन, एका सोळा वर्षांच्या मुलीच्या मुलाखतीसाठी त्या कारखान्यात उतरलो. मायस्टरने आधी आम्हाला गिऱ्हाईक समजून जिन्यांचे नमुने दाखवले.

बसायला चार खुर्च्या गोळा करण्यात थोडा वेळ गेला. मायस्टर भला माणूस होता. त्याने जानाला विचारलं, सुतारकामच का? उत्तर मावशींनी दिलं. गणित कसं आहे? तेही मावशींनी. काका मान हलवत होते. शेवटी मायस्टर हात वर करून म्हणाला, "मला हिच्या तोंडून ऐकायचंय." जानाने आधी खाली पाहिलं, मग वर पाहिलं, आणि म्हणाली, "लाकडाचा वास आवडतो. आणि इथे कुणी फार बोलत नाही." मायस्टर खो खो हसला. लाडू खाता खाता म्हणाला, मला मुलगी पसंत आहे, सप्टेंबरपासून ये, कागद करून टाकू या का? त्याने पसंत हाच शब्द वापरला असं नाही, पण मावशींना तो तसाच ऐकू आला असणार. जानाने तोंड उघडलं एवढ्यात मावशींनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि प्रसन्न हसून म्हणाल्या, "आम्ही घरी विचार करून कळवतो."

मी म्हटलं, मावशी, अहो. मावशींनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी जावई असल्याची मला आठवण झाली. मायस्टर "या, गेनाऊ", म्हणजे हो, बरोबर, असं काहीतरी पुटपुटला, उठला, सगळ्यांशी हात मिळवले. गाडीत जाना काही बोलली नाही. ती कधीच बोलत नसे, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. मी विचारलं, मावशी, हे काय केलंत? तर त्या म्हणाल्या, "लगेच हो म्हटलं की मुलगी स्वस्त होते, जावईबापू. चार दिवस थांबायचं. त्यांना कळू दे की आमची मुलगी रस्त्यावर पडलेली नाही. या पोरीला आजवर कुणी मोलाची म्हटलंय का? आपण नाही तर कुणी म्हणायचं?" मी गाडी चालवली.

चार दिवसांनी मावशींनी नवी साडी नेसून फोन लावला. मायस्टर आधी गोंधळला आणि मग त्याला मनापासून वाईट वाटलं. त्याला वाटलं होतं, यांना दुसरीकडे चांगलं मिळतंय, सभ्यपणे नकार दिलाय. तुम्ही येऊन गेलात त्याच्या दुसऱ्याच दिवशी एक मुलगा आला, जागच्या जागी हो म्हणाला, सह्या झाल्या. आता काही करता येणार नाही. मावशी म्हणाल्या, चूक माझी आहे, मुलीची नाही, तिने हो म्हणायला तोंड उघडलं होतं. तो म्हणाला, मला माहीत आहे, मी पाहिलं होतं. मावशी फोन ठेवून बसून राहिल्या. त्यांच्या तोंडाला कुलूप लागलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं, आणि सांगतो, मला ते मुळीच आवडलं नाही.

जानाला त्यांनी स्वतः जाऊन सांगितलं. जानाने ऐकून घेतलं आणि दार लावलं. दुसऱ्या दिवसापासून बेलला उत्तर नाही. मावशी आरतीच्या ठेक्यात वाजवून थकल्या. खिडकीचं शटर बंद. वडील शनिवारी आले, त्यांच्याशीही ती बोलली नाही. परीक्षा तोंडावर आलेली, आणि इथे प्रगतिपुस्तकावर गैरहजेरीचे तास छापून येतात, प्रत्येक मालक आधी ते बघतो. हिवाळाभर जमवलेलं सगळं वाहून चाललं होतं. आमच्या घरी येऊन मावशी चहाचा कप हातात धरून बसायच्या, प्यायच्या नाहीत. एकदा म्हणाल्या, "जावईबापू, लग्न मोडलं तर दुसरं स्थळ बघता येतं. हिची शाळाच माझ्या तोंडून मोडली हो." माझ्या बायकोने त्यांना जवळ घेतलं. मी चहा गरम करून आणला.

मग त्यांनी जे केलं ते करायचा सल्ला कुठल्याही शहाण्या माणसाने दिला नसता. त्या जानाच्या वर्गात जाऊन जानाच्या खुर्चीवर बसू लागल्या. वर्गशिक्षिकेला म्हणाल्या, "जागा रिकामी दिसली की सगळ्यांना तिची सवय होते. मी नुसती बसते." वर्गशिक्षिकेने परवानगी कशी दिली हे मला अजून कळलेलं नाही; बहुधा मावशी जाईपर्यंत वाट बघण्यापेक्षा हो म्हणणं सोपं वाटलं असेल. आता मावशी नुसत्या बसतील हे शक्य तरी आहे का? त्यांनी टक्केवारीवर शंका विचारल्या, भौतिकशास्त्रावर विचारल्या, इतिहासाच्या तासाला शिक्षकांना घरचे लोक कसे आहेत विचारलं. मधल्या सुट्टीत थालीपीठ वाटलं. टवाळ पोरं टेबलाखालून त्यांचे फोटो काढून जानाला पाठवत होती: फ्राउ मावशी फळ्यावर गणित चुकताना, फ्राउ मावशी तुझ्या खुर्चीवर डुलकी काढताना. वर्गात धमाल उडाली होती. जानाकडून मात्र उत्तर नाही.

ती खुर्ची लाकडी आणि टणक, मावशींची कंबर धरली, म्हणून त्या घरून उशी नेऊ लागल्या आणि मी त्यांना गाडीने सोडू लागलो. एका सकाळी त्या उशी गाडीतच विसरल्या, म्हणून मी ती द्यायला वर गेलो. पहिला तास सुरू व्हायचा होता. मी दारात उभा, आणि माझ्या शेजारून कुणीतरी आत गेलं. टोपी ओढलेली, केस विस्कटलेले, जॅकेट उलटं घातलेलं. जाना सरळ आपल्या खुर्चीपाशी गेली, मावशींच्या डोक्यावर उभी राहिली आणि म्हणाली, "ही माझी जागा आहे."

मावशी उठल्या. पिशवी घेतली, खुर्ची पदराने पुसली आणि बाजूला झाल्या. जाना बसली. मावशी माझ्याजवळ आल्या, माझ्या हातातली उशी घेतली, आणि आम्ही जिना उतरलो. खाली फाटकापाशी त्या इतक्या रडल्या की शाळेचा शिपाई बाहेर येऊन विचारायला लागला, रुग्णवाहिका बोलावू का. मी त्याला म्हटलं, नको, मुलगी शाळेत आली आहे. त्याला ते कळलं नाही, पण तो आत गेला.

पुढचं लवकर सांगून टाकतो, कारण मला लोकांना टांगून ठेवायला आवडत नाही. जाना परीक्षा देऊन पास झाली, फार झकपक नाही, पण पास. आणि काम तिने आपलं आपण शोधलं. कायझर्सलाउटर्नजवळच्या एका गावात जुनी दारं दुरुस्त करणारा एक छोटा कारखाना आहे. तिने फोन केला, एकटी गेली, विचारल्याबरोबर हो म्हणाली, आणि सगळं ठरल्यावर, वडिलांची सही झाल्यावर, मावशींना सांगितलं. चौकशी नाही, सलून नाही, बघण्याचा कार्यक्रम नाही. मावशींना हा धक्का होता. "म्हणजे प्रेमविवाहच की," त्या म्हणाल्या, आणि अर्धा दिवस रुसून बसल्या. मग उठून लाडू वळायला घेतले. जाना तिथे टिकली आहे, अजून आहे, कामाला रोज जाते. हे मला मावशींनीच सांगितलं, कारण हे सोडून त्या सध्या दुसरं काही बोलत नाहीत.

ती गेली त्या दिवशी आम्ही तिला स्टेशनवर सोडायला गेलो. वडीलही होते, एका हातात तिची बॅग, दुसऱ्या हातात मावशींनी दिलेली पिशवी, बिचारे अवघडून उभे. मला वाटलं, आता मावशींच्या सूचनांची यादी सुरू होणार आणि गाडी निघून जाणार. पण त्यांनी एवढंच विचारलं, "तिथली माणसं बरी आहेत ना?" जाना म्हणाली, "माहीत नाही. जाऊन बघते." तिच्या मानाने हे भाषणच झालं. मावशींनी वर हात करून तिच्या गालावरून फिरवला, त्यासाठी जानाला चांगलंच वाकावं लागलं, आणि म्हणाल्या, "बघ." दार लागलं. गाडी गेली. वडील तसेच ट्रकच्या कामाला गेले.

परत येताना ट्राममध्ये मावशी खिडकीशी बसल्या. एरवी त्यांना प्रत्येक थांब्यावर कुणी ना कुणी ओळखीचं दिसतं, एखादं पोर, एखादा मालक, सलूनची बाई, आणि त्या काचेवर टकटक करून हात हलवतात. त्या दिवशी त्या समोर बघत होत्या. तशाच म्हणाल्या, "चौकशी न करता पाठवलेली ही पहिलीच, जावईबापू." मी म्हटलं, मावशी, ती बघेल की. त्या हो म्हणाल्या. मग आमचा थांबा आला, त्या उठल्या नाहीत, आणि मीही त्यांना उठवलं नाही. आम्ही तसेच पुढे गेलो.